राणी अठ्ठावीसची, राणी एकोणपन्नासची: मीनाचित्राच्या कामाच्या नोंदी

१० जून

सप्टेंबरमध्ये दागिन्यांचं डिझाइन शिकणाऱ्या मुलांपुढे बोलायचंय. विषय इंग्लंडच्या राजघराण्यासाठी झालेली मीनाचित्रं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर काचेच्या रंगांनी काढून भट्टीत पक्की केलेली छोटी व्यक्तिचित्रं. नुसत्या स्लाइड दाखवून हे काम कळत नाही. पडद्यावर चार फूट उंच दिसणारा चेहरा प्रत्यक्षात अंगठ्याएवढा असतो, आणि तो तेवढाच आहे हेच तर त्यातलं कौशल्य. म्हणून एक चित्र स्वतः भाजून न्यायचं.

कोणाचं, हे लगेच ठरलं. राणी कॅरोलाइन, दुसऱ्या जॉर्जची बायको. नमुना ख्रिश्चन फ्रेडरिक झिंकेचा. झिंके मूळचा ड्रेस्डेनचा, सोनाराचा मुलगा. १७०६ साली लंडनला आला, चार्ल्स बॉइटच्या हाताखाली शिकला आणि पुढे पिढीभर मीनाचित्र म्हटलं की लोक त्याच्याकडेच जात. १७३२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे युवराज, फ्रेडरिकनं त्याला आपला कॅबिनेट पेंटर, म्हणजे खास पदरी चित्रकार, नेमलं. राजा-राणीची त्यानं केलेली मीनाचित्रं आजही ब्रिटिश राजसंग्रहात आहेत.

याच झिंकेबद्दल जॉर्ज व्हर्ट्यूनं एक मजेदार गोष्ट टिपून ठेवली आहे. व्हर्ट्यू स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा, पण समकालीन चित्रकारांविषयी त्यानं वह्याच्या वह्या भरल्या होत्या. राणीनं झिंकेला बजावलं, की राजाचं चित्र तरुण काढ, पंचविशीच्या पुढे नको. राजानं त्याच्या कामाची, रंगांची तारीफ केली आणि सुचवलं, की राणी अठ्ठाविसाच्या वर दिसू नये. दोघांचाही जन्म १६८३चा. म्हणजे झिंके कॅबिनेट पेंटर झाला त्या वर्षी दोघंही एकोणपन्नासाच्या आसपास.

शेकडो वर्षं न विटणारं माध्यम निवडायचं आणि त्यात वय मात्र खोटं घालायचं! म्हणून एकाऐवजी दोन चित्रं करते. एक अठ्ठावीसची कॅरोलाइन, एक एकोणपन्नासची. आकार, पोशाख, रंग सगळं सारखं. झिंकेचं गुळगुळीत तारुण्य राजाच्या हुकमाचं किती आणि भट्टीचं किती, हे त्यातून थोडं तरी कळावं.

१३ जून

तांबट आळीत जाऊन अर्धा मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा आणला. ४५ × ३६ मिमीचे लंबगोल कापले. झिंकेची बरीच चित्रं साधारण याच मापाची. पत्रा तापवून मऊ केला आणि लाकडी ठोकळ्यावर घासणीनं दाबून मध्ये किंचित फुगवटा दिला. सपाट पत्रा भट्टीत वाकतो, फुगीर पत्रा ताण सोसतो. शिवाय फुगीर पृष्ठभागावर उजेड गालावरून आपोआप ओघळतो, हा फायदा वेगळा.

कडा घासायला सोनारकाकांकडे गेले होते. त्यांनी कोरा पत्रा उलटापालटा करून पाहिला.

"अगं, यात खोदकाम कुठंय? मीना भरणार कशात?"

"भरायचा नाही काका, यावर रंगवायचा."

"आणि वाहत नाही?"

प्रश्न अगदी मर्मावरचा. आपल्याकडचं जयपूरचं मीनाकाम म्हणजे सोन्यात खोदलेल्या खाचा आणि त्यात भरलेली रंगीत काच. प्रत्येक रंगाला स्वतःचं कुंपण. रंगवलेल्या मीन्यात कुंपणच नसतं. आधी पांढऱ्या अपारदर्शक काचेची जमीन भाजून घ्यायची, मग तिच्यावर धातूंच्या ऑक्साइडचे रंग कुंचल्यानं लावायचे. ते वाहत नाहीत, कारण थर इतका पातळ की वाहायला काही उरतच नाही. ही युक्ती फ्रान्समध्ये १६३०च्या सुमारास बसली. श्रेय ज्याँ तूताँ या सोनाराला देतात. गंमत म्हणजे ब्रिटिश राजसंग्रहात दोन्ही घराणी नांदतात. १८७५-७६ च्या भारतदौऱ्यात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सला (पुढचा सातवा एडवर्ड) मिळालेल्या नजराण्यांमध्ये जयपूरचं मीनाकाम आहेच.

१८ जून

पत्रे चिंचेच्या कोळानं आणि ब्रशनं लख्ख केले. बोट लागलं तरी तिथला मीना सुटतो, म्हणून कडेनंच धरायचं. आधी पाठीमागचा थर. तो दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचा टिकत नाही: गार होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं, आणि मीना एकाच बाजूला असला तर पत्रा वाकून काच तडकते. मग पुढून पांढरा, चाळणीनं. ८२० अंशांवर दीड-दोन मिनिटं. पाण्याखाली कार्बोरंडमच्या, म्हणजे घासायच्या कठीण दगडाच्या, कांडीनं घासून सपाट, पुन्हा पांढरा, पुन्हा भट्टी. जुन्या पांढऱ्यात कथलाचं ऑक्साइड आणि शिसं असे. माझा शिसेविरहित आहे, त्यामुळे झिंकेच्या पांढऱ्यातला साईसारखा उबदारपणा त्यात नाही. ते चालवून घ्यावं लागेल.

दोनऐवजी सहा पत्रे तयार केले. मीन्याच्या कामात एकुलत्या एका पत्र्यावर जीव लावू नये.

२६ जून

पाऊस. आज फक्त रंगांच्या पट्ट्या.

कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा लाल, सोन्यापासून होणारा गुलाबी. प्रत्येक रंग एकदा, दोनदा, तीनदा, पाचदा भाजून शेजारी शेजारी लावला. सगळ्या प्रकल्पाची चावी या पट्टीत आहे.

निळा गडी तगडा. कितीही भाजा, तो तसाच. तपकिरी थोडा मऊ होतो. लोखंडाचा लाल मात्र प्रत्येक वेळी थोडा थोडा विरतो आणि पाचव्या भाजणीला त्याची नुसती आठवण राहते. सोन्याचा गुलाबी त्याहून नखरेल: कमी भाजला तर विटकरी, बरोबर भाजला तर गुलाबपाकळी, जास्त भाजला तर जांभळट. मानवी चेहरा मुख्यतः या दोन रंगांवर उभा असतो. म्हणजे चित्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग सर्वांत नाजूक रंगांत, आणि म्हणूनच सर्वांत शेवटी. कागदावर चेहऱ्यापासून सुरुवात करणारे आपण, इथे झग्यापासून सुरू करायचं.

कोरडी पूड पाहून भाजल्यानंतरचा रंग सांगता येत नाही, हे वेगळंच. म्हणून ही पट्टी समोर ठेवल्याशिवाय कुंचला उचलायचा नाही.

रंगांची रसायनं कोण जुळवत असे? पहिल्या चार्ल्सच्या दरबारात ज्याँ पतितो हा जिनिव्हाचा मीनाकार आला, तेव्हा त्याच्या मदतीला धावला तो राजवैद्य, तेओदोर तुर्के द मायेर्न. तोही जिनिव्हाचाच. औषधांइतकाच रंगांचा नाद. पतितोनं त्याच दरबारातल्या व्हॅन डाइक या चित्रकाराच्या तैलचित्रांवरून मीनाचित्रं केली आणि यादवी युद्धामुळे इंग्लंडातला आश्रय तुटल्यावर फ्रान्समध्ये चौदाव्या लुईकडे उमेदीची वर्षं काढली. राजाची छोटी चित्रं हिऱ्यांच्या कोंदणात बसवून परदेशी वकिलांना भेट द्यायची तिथे चालच होती. १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांना दिलेली मुभा लुईनं काढून घेतली आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला, ज्याच्या हातानं राजाचा चेहरा युरोपभर पोचला होता, धर्म सोडावा म्हणून तुरुंगात टाकलं. सही घेऊनच सोडलं. पुढे तो जिनिव्हाला परतला आणि १६९१ मध्ये वारला. मुलांना हे सांगायचंच, तारखांपेक्षा हे लक्षात राहतं.

४ जुलै

मैत्रिणीनं विचारलं, एवढा खटाटोप करतेसच तर मोठं का नाही करत? चेहरा तरी दिसेल. उत्तर म्हणून तिला बॉइटची गोष्ट सांगितली. इथेही उतरवून ठेवते.

चार्ल्स बॉइट, झिंकेचा गुरू. स्टॉकहोममध्ये जन्मलेला, आई-बाप फ्रेंच. मोठ्या मापाची त्याला हौस. १७०३ मध्ये सम्राट लिओपोल्ड आणि त्याच्या कुटुंबाचा मोठा मीना व्हिएन्नात केला. १७०६ मधला राणी ॲन आणि तिचा नवरा जॉर्ज यांचा पत्रा सुमारे २५ सेंटिमीटर उंच, तो राजसंग्रहात आहे. मग ब्लेनहाइमच्या, म्हणजे १७०४ मध्ये फ्रेंचांवर मिळवलेल्या, विजयाचं चित्र करायचं ठरलं, सुमारे दोन फुटांचं. राणीकडून हजार पौंड उचल, मागाहून आणखी सातशे. त्यासाठी खास भट्टी बांधली. पण एवढ्या पत्र्यावर जमीनच एकसारखी बसेना. वर्षं गेली, दरबारातलं वारं फिरलं, चित्रात कोणाला ठेवायचं आणि कोणाला गाळायचं तेही बदललं. १७१४ मध्ये ॲन वारली. चित्र अपुरं, पैसे खर्च झालेले, वसुलीचा तगादा. बॉइट फ्रान्सला पळाला आणि १७२७ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

पत्रा मोठा झाला की मध्यभाग आणि कड एकाच वेळी तापत नाहीत, मधला भाग स्वतःच्या वजनानं खचतो, आणि एक कण पडला तरी महिन्यांचं काम जातं. झिंकेनं गुरूची ही फजिती जवळून पाहिली होती. तो आयुष्यभर अंगठ्याएवढ्या मापातच राहिला असेल तर त्यात नवल काय!

४५ मिमी पक्कं.

११ जुलै

रेखाटन पत्र्यावर उतरवलं. चौकटी आखून. ही पद्धत झिंकेपेक्षा त्याच्या नंतरच्या हेन्री बोन या इंग्रज मीनाकाराकडून घेतली, कारण बोनची तयारीची रेखाटनं शिल्लक आहेत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत पाचशेहून जास्त, पेन्सिलीनं काढलेली, वर शाईच्या चौकटी.

दोन्ही राण्यांचा सांगाडा एकच. फरक कुठे कुठे, ते पारदर्शक कागदावर लाल शाईनं मांडलं: डोळ्यांखाली, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, हनुवटीखालचं मांस, पापण्यांचा जडपणा. चार जागा. एकवीस वर्षांचा फरक चार जागांत मावतो हे बघून जरा वाईटच वाटलं.

एकोणपन्नासच्या चेहऱ्यासाठी आधार त्या काळातल्या तैलचित्रांचा. कॅरोलाइन अंगानं भरलेली होती, आणि राणी म्हणून दरबारात तिचा शब्द चाले. मला तोच चेहरा जास्त आवडतो.

१९ जुलै

पहिली भाजणी, दोन्ही पत्रे. निळा झगा, केसांचा तपकिरी, पार्श्वभूमी. रंग स्पाइक लव्हेंडरच्या तेलात खलले. खोलीभर कापरासारखा वास. भाजण्याआधी पत्रा भट्टीच्या तोंडाशी धरून तेल पूर्ण उडू द्यायचं, धूर थांबेपर्यंत. नाहीतर फोड. मग ७६० अंश, मिनिटाच्या आसपास, पण घड्याळापेक्षा डोळ्यावर विश्वास: पृष्ठभाग एकदम ओला झाल्यासारखा चमकला की बाहेर.

दोन्ही छान. इथपर्यंत दोघी जुळ्या बहिणी.

दुपारी वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. झिंकेच्या कोळशाच्या भट्टीला ही भीती नव्हती, पण राख मात्र होती.

२ ऑगस्ट

चेहऱ्यांना हात घातला. कुंचला तीन-चार केसांचा, डोळ्याला भिंग. रंग ओढायचा नाही, टेकवायचा. झिंकेच्या चेहऱ्यांवर भिंग धरलं तर तांबूस ठिपक्यांची जाळी दिसते, लांबून ती त्वचा होते.

अठ्ठावीसची: गालांवर गुलाबी, ओठ, भुवया, नाकाच्या बाजूला हलकीशी सावली. भट्टी. बाहेर आली ती जवळजवळ पूर्ण होऊनच. पांढरी जमीनच कपाळ झाली, तीच मान झाली. मी जिथे काही केलं नाही तिथेच ती सर्वांत सुंदर आहे.

एकोणपन्नासची: तोच गुलाबी, शिवाय त्या चार जागांवर करडा-तपकिरी. भट्टी. गाल जमले, घड्या गायब. म्हणजे पूर्ण गेल्या नाहीत, पण वय पस्तिशीवर आलं.

१४ ऑगस्ट

एकोणपन्नासचीवरच काम चालू आहे. अडचण अशी: घड्या पुन्हा काढायच्या तर पुन्हा भाजावं लागतं. पुन्हा भाजलं की घड्या थोड्या राहतात, पण गाल जांभळट होऊ लागतात. गाल सुधारायला नवा गुलाबी, त्यासाठी पुन्हा भट्टी, तोवर घडीतला लोखंडी तांबूस विरलेला. सावलीला जास्त भाजण्या हव्यात, गालाला कमी, आणि दोघं एकाच पत्र्यावर.

तोडगा: हा पत्रा बाजूला. राखीव पत्र्यांतल्या एकावर नव्यानं, पण उलट्या क्रमानं. आधी फक्त वय. घड्या, डोळ्यांखालची सावली, हनुवटी, सगळं मँगनीजच्या तपकिरीत, कारण तो आगीला दबत नाही. हवं त्यापेक्षा बरंच गडद काढून दोनदा भाजायचं. त्यावर मग त्वचा, एकदाच.

गुलाबी लावण्याआधी त्या पत्र्यावर जी बाई दिसते ती साठीची आहे आणि तिला जगाचं काहीही पडलेलं नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवला, मुलांना हाही दाखवायचा.

२३ ऑगस्ट

जमलं. एकोणपन्नास नसेल, सत्तेचाळीस म्हणू.

आता मूळ प्रश्नाबद्दल माझं मत लिहून ठेवते. आग चेहरे तरुण करते हे खरं. जे हलकं, ते विरतं, आणि वय हलक्या छटांतच असतं. पण म्हणून झिंकेला भट्टीमागे लपता येणार नाही. हेन्री बोननं पुढच्या शतकात एलिझाबेथच्या काळातल्या मातब्बरांची ८५ मीनाचित्रं केली, त्यात पिकल्या दाढीचे मुत्सद्दी आहेत आणि त्यांच्या सुरकुत्या जागच्या जागी आहेत. म्हणजे होतं. फक्त वेळ लागतो. भट्टी तारुण्य स्वस्त करून देते, सक्तीचं करत नाही.

आणि झिंकेकडे वेळच नव्हता. एका चित्राला वीस गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त), दारात रांग, डोळे अधू होत चाललेले. १७४२ मध्ये काम कमी यावं म्हणून त्यानं दर तीस गिनींवर नेला. अशा माणसाला राजा-राणी दोघांनी येऊन सांगावं की तरुणच काढ, म्हणजे हुकूम आणि सोय एकाच दिशेला. तो कशाला हुज्जत घालेल? व्हर्ट्यूची गोष्ट आपण राजाराणीच्या हौसेची म्हणून हसून सांगतो. मला ती आता कारागिराच्या सुटकेची वाटते.

बोनचं अर्थकारण वेगळं. ट्रुरोचा मुलगा, प्लिमथ आणि ब्रिस्टलच्या चिनी मातीच्या कारखान्यांत उमेदवारी, मग लंडनमध्ये घड्याळं आणि ब्रोचवर मीना. पुढे तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज, चौथा विल्यम असे ओळीनं तीन राजे. १८११ मध्ये टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराच्या 'बॅकस आणि ॲरिॲडनी'वरून १८ × १६ इंचांचा मीना केला आणि तो २२०० गिनींना गेला. बॉइटला जे साधलं नाही ते यानं साधून दाखवलं. मात्र बोनचा बराचसा धंदा नकलेचा होता: तैलचित्रं काळी पडतात, तडकतात, मीना नाही, तेव्हा मूळ चित्राची न मरणारी प्रत करून ठेवा. एलिझाबेथच्या काळातले लोक दोन शतकांपूर्वीच मेलेले, वय कमी करायला सांगणारं कोणी हयातच नव्हतं!

३० ऑगस्ट

गणपतीची खरेदी, काम थोडंच. व्याख्यानासाठी उरलेले दुवे जुळवले. जेरेमाया मेयर झिंकेकडे शिकला, त्यासाठी त्यानं शिकवणीचे दोनशे पौंड मोजले आणि साहित्याचे आणखी दोनशे. (माझ्या रंगांच्या बाटल्यांची बिलं पाहून घरात जे तोंड वाकडं करतात, त्यांना हे वाचून दाखवलं.) मेयर १७६४ मध्ये तिसऱ्या जॉर्जचा मीनाचित्रकार झाला. व्हिक्टोरियाच्या काळात हेन्री पिअर्स बोन, म्हणजे हेन्रीचा मुलगा, आणि विल्यम एसेक्स. एसेक्सनं तर कुत्र्यांचीही मीनाचित्रं केली. मग फोटो आला.

६ सप्टेंबर

दोन्ही पत्रे पितळी चौकटीत बसवायला सोनारकाकांकडे नेले. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"विकणारेस का?"

"नाही हो काका, दाखवायला केलीत."

"विकलीस तर म्हातारीचे जास्त लाव. तिच्यात हात जास्त गेलाय."

मी काही सांगितलं नव्हतं.

९ सप्टेंबर

पाठीमागची अक्षरं. बोन आपल्या मीन्याच्या पाठीवर सगळा हिशेब लिहून ठेवत असे: कोणाचं चित्र, कोणाच्या मूळ चित्रावरून, तारीख, स्वतःचं नाव आणि राजाकडची पदवी. पदवी सोडून बाकी सगळं मीही लिहिलं, मँगनीजच्याच तपकिरीत, देवनागरीत. दोन्हींवर एकच मजकूर, फक्त वय वेगळं. हलकं भाजून घेतलं, पुढचे रंग हलले नाहीत.

वर्गासाठी: भिंगं चार, रंगांची पट्टी, तो अर्धवट टाकलेला जांभळ्या गालांचा पत्रा, आणि गुलाबीआधीच्या बाईचा फोटो. आधी दोन्ही चित्रं पाठ न दाखवता मुलांच्या हातात द्यायची आणि कोणतं राजसंग्रहात गेलं असतं ते विचारायचं. प्रोजेक्टर त्यानंतर.